वाघोलीचे खरे स्फटिक दाखवून मला १,८५,००० रुपयांचा खोटा खडा विकला

हे लिहायला दोन महिने लावले, कारण लाज वाटत होती. मी १९९१ साली फर्ग्युसनमधून भूगर्भशास्त्र घेऊन बीएस्सी झाले आणि पुढे २७ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मोहसची काठिण्यपट्टी, म्हणजे खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी क्रमवारी, मला आजही झोपेतून उठवून विचारा: शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपेटाइट. या पाचव्या क्रमांकावरच मी फसले.

आकडे आधीच सांगते, म्हणजे कोणी विचारायला नको. खडा २.३५ कॅरेट, किंमत १,८५,००० रुपये. ‘सर्टिफिकेट’चे वेगळे ४,५००. लेकीच्या लग्नासाठी तो अंगठीत बसवला, त्याचं सोनं आणि मजुरी मिळून ३१,४००. खरं काय ते कळायला तपासणीचे १,२००. एकूण २,२२,१०० रुपये. त्यातलं अंगठीचं सोनं तेवढं हातात राहिलं.

जानेवारीत कर्वे रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये खडे आणि खनिजांचं प्रदर्शन होतं. या माणसाच्या टेबलावर आपल्याकडचा माल मांडला होता: स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हनसाइट. सगळं अस्सल. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत तयार झालेली ही खनिजं मी विद्यार्थिनी असताना हातोडा घेऊन शोधली आहेत, ती मला कळतात. एका डबीवर त्याने ह्यूलँडाइटच्या जागी स्टिल्बाइट लिहिलं होतं, ती चूक मी दाखवली. तिथेच त्याने मला ओळखलं. ‘ताई, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर जाणकार,’ म्हणत त्याने टेबलाखालून एक छोटी डबी काढली. खरा माल कायम वर मांडलेला असतो आणि विकायचा असतो तो टेबलाखाली, एवढं ध्यानात ठेवा.

डबीत विजेच्या दिव्यासारखा निळा-हिरवा खडा होता. मोझांबिकचं पराइबा टूरमलीन हे रत्न, असं तो म्हणाला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: हे तांब्यामुळे असा रंग आलेलं टूरमलीन १९८०च्या दशकात ब्राझीलच्या पराइबा राज्यात सापडलं. पुढे नायजेरिया आणि मोझांबिकमध्येही मिळालं. चांगल्या खड्याला कॅरेटमागे हजारो डॉलर मोजतात. त्याने आधी २,४०,००० सांगितले, मग ‘तुमच्यासाठी’ १,८५,०००. वर दोन वर्षांनी परत विकत घेण्याची तोंडी हमी. या हमीचं काय होतं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं.

आता जे सांगणार आहे त्याने मला अजून रात्री जाग येते. विश्वास बसावा म्हणून त्याने त्याच खाणीतला म्हणून एक कच्चा खडा माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या पेराएवढा, निळसर. त्याला सहा बाजू होत्या. स्वच्छ, सरळ, बऱ्यापैकी गुळगुळीत सहा बाजू. मी तो फिरवून पाहिला आणि मोठ्याने म्हणाले, ‘किती सुंदर षट्कोनी प्रिझम आहे!’ त्याने मान डोलावली.

टूरमलीनचा स्फटिक असा नसतो हो! त्याचा आडवा छेद फुगलेल्या त्रिकोणासारखा असतो आणि अंगावर उभ्या बारीक रेघा असतात. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला हे विचारतात. सहा बाजूंचा नीट प्रिझम, असा रंग आणि आत बारीक चिरा, म्हणजे पहिला संशय ॲपेटाइटचा यायला हवा. मी षट्कोन पाहिला, षट्कोन म्हणाले आणि पुढच्या मिनिटाला पैसे कसे देऊ म्हणून विचारलं. पर्समध्ये छोटा चाकू होता. तो त्या कच्च्या तुकड्यावर एकदा ओढला असता तर चरा उठला असता, कारण पोलादी पातं साधारण साडेपाच आणि ॲपेटाइट पाच. टूरमलीन सात ते साडेसात, त्याला चाकूने काही होत नाही. पैलू पाडलेल्या खड्यावर असला प्रयोग कोणी करू नये, पण कच्च्यावर करू द्या म्हणायला काय हरकत होती? मला भीड पडली. नमुना चाचणीला देत नसेल तर तिथून उठा.

माझी बाजूही सांगते. त्याने रिफ्रॅक्टोमीटर (खड्यात प्रकाश किती वाकतो ते, म्हणजे अपवर्तनांक, मोजणारं यंत्र) ठेवला होता आणि आकडा दाखवला १.६३. टूरमलीनचा अपवर्तनांक १.६२ ते १.६४, म्हणजे बरोबर. पण ॲपेटाइटचाही १.६३ ते १.६४च्या आसपास असतो! एकाच आकड्यावर दोघांत फरक करता येत नाही. फरक असतो दुहेरी अपवर्तनात, म्हणजे खड्यात शिरलेल्या किरणाचे दोन होतात त्यात: टूरमलीनमध्ये ते ०.०१८च्या आसपास, ॲपेटाइटमध्ये फार तर ०.००८, बहुतेकदा त्याहूनही कमी. म्हणून दहापट भिंगातून तिरकं पाहिलं तर टूरमलीनच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, ॲपेटाइटच्या एकेरी. भिंग त्यानेच दिलं. मी पाहिलं, कडा एकेरी होत्या आणि मला वाटलं, वा, काय स्वच्छ खडा! ज्याने हे सगळं रचलं त्याला शास्त्र माझ्याइतकंच येत होतं, हे आता कळतं. अर्धवट ज्ञान असलेल्या माणसाला कोणता आकडा दाखवायचा, हे त्याने ठरवून ठेवलं होतं.

५०,००० तिथेच यूपीआयने दिले, १,३५,००० दुसऱ्या दिवशी खात्यावरून. ‘पक्कं बिल कशाला, जीएसटी वाचेल’ म्हणाला आणि कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने कच्चं बिल दिलं. पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नका. सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की त्यांनीच बनवलेलं पान उघडायचं. प्रयोगशाळा आपण निवडायची, पत्ता आपण टाइप करायचा.

मार्चमध्ये खड्याची चमक गेली. लग्नाआधी अंगठी मीच अधूनमधून घालत होते. रस्त्यांची कामं चालू, घरात रोज धूळ, मी अंगठी पदराने पुसायची. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, काठिण्य सात. सातने पाचला घासलं की काय होतं? पैलूंच्या कडा बोथट झाल्या, वरच्या पैलूवर जाळी उठली. मी स्वतः निवडलेल्या तपासनीसाकडे गेले. त्याने वीस मिनिटांत सांगितलं: फ्लोरॲपेटाइट, म्हणजे ॲपेटाइटच, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) ३.१८. टूरमलीन असतं तर ३.०६च्या जवळ आलं असतं. किंमत विचारली. म्हणाला, चरे नसते तर तीन-साडेतीन हजार. असा झगझगीत निळा ॲपेटाइट मादागास्करहून येतो आणि पुष्कळदा भाजून त्याचा रंग उठावदार केलेला असतो.

ॲपेटाइटवर माझा राग नाही. कॅल्शियम फॉस्फेटचं हे खनिज जवळजवळ प्रत्येक अग्निजन्य खडकात थोडंफार असतंच. पुण्याच्या टेकड्यांच्या काळ्या पाषाणातही त्याच्या सुया असतात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मोठे स्फटिक पेग्मटाइट या भरड स्फटिकांच्या खडकात, संगमरवरात, गरम द्रावणं फिरलेल्या भेगांत वाढतात. समुद्रतळावर साचून त्याचेच थर होतात. उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचा खतासाठी काढतात तो फॉस्फेट खडक असाच समुद्रातला. आपल्या दातांचं एनॅमल याच कुळातल्या हायड्रॉक्सिॲपेटाइटचं, म्हणून तर आंबटाने झिजतं आणि फ्लोराइडने टिकाव धरतं. वेर्नरने १७८६ साली त्याला नाव दिलं ते ग्रीक भाषेतल्या ‘फसवणे’ या शब्दावरून, कारण लोक त्याला बेरिल नाहीतर टूरमलीन समजत. हे मी वर्गात मुलांना सांगितलेलं आहे. दरवर्षी सांगितलं.

त्याला फोन केला. जानेवारीतली ‘ताई’ आता ‘मॅडम’ झाली होती. ‘मॅडम, तुम्ही स्वतः भिंगातून बघून घेतलंय.’ त्यानंतर नंबर ब्लॉक.

चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी माझा कागद न वाचता विचारलं, ‘तुम्ही शिकलेल्या, मग घेतलाच कशाला?’ वर म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, ऑनलाइनवाल्यांकडे जा. तिथे गेले तर म्हणाले, वस्तू समोरासमोर घेतलीत, हे आमचं नाही, चौकीत जा. चार फेऱ्या मारल्या. एका फेरीत अडीच तास बाकावर बसले आणि शेवटी ऐकलं की हा दिवाणी मामला आहे. टूरमलीन सांगून जाणूनबुजून दुसरा दगड विकणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मग कशासाठी आहे? तपासणीचा अहवाल पुढे केला तर म्हणाले, ही सरकारी प्रयोगशाळा नाही. सरकारी कुठली, तर ते त्यांनाही सांगता येईना! बँकेत गेले तर ‘तुम्हीच पाठवलेत’ म्हणून हात वर. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी सांगितलं की आम्ही फक्त टेबल भाड्याने देतो. त्या टेबलामागे कोण उभं होतं, त्याच्या ओळखपत्राची प्रतसुद्धा त्यांच्याकडे नाही. माझ्या वयाच्या बाईला सहा दारं फिरवलं आणि एकानेही तक्रारीचा क्रमांक दिला नाही. शेवटी मी टपालाने वरिष्ठांकडे अर्ज पाठवला, पोचपावतीसह. चौकी तक्रार घेत नसेल तर कायद्यात ही सोय आहे, पण ती मला कोणी सांगितली नाही, वकील असलेल्या भाच्याने सांगितली.

तुमचे पैसे ऑनलाइन गेले असतील आणि त्याच दिवशी कळलं, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाकी सगळं नंतर. मला दोन महिन्यांनी कळलं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, हेही तिथल्या रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांकडून समजलं. वस्तू सोनाराकडे बसवायला देण्याआधी तपासा. माझा उलटा क्रम झाला, म्हणून ३१,४०० वर घातले.

ह्यांनी आकडा ऐकल्यावर एक शब्द उच्चारला नाही. ते जास्त लागलं. लेकीला लग्नात दुसरी साधी अंगठी केली.

जानेवारीत त्याच हॉलमध्ये, उजव्या हाताच्या रांगेत, वाघोलीच्या स्फटिकांच्या टेबलावर कोणी निळा-हिरवा खडा घेतला असेल तर कृपया तपासून घ्या. ॲपेटाइट निघाला तर मला कळवा, एकत्र तक्रार करता येते. माझ्याकडे पेन्सिलीचं बिल, दोन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट आणि अहवाल आहे. पेन्सिल पुसट होते आहे, म्हणून बिलाच्या तीन रंगीत प्रती काढून ठेवल्यात. आयोगाची तारीख पुढच्या महिन्यात १९ला आहे.