जहाजावर एकटीचे पान

सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेतला जाऊन पुन्हा सिंगापूरला परतणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर गेल्या डिसेंबरात मी चार रात्री एकटीने काढल्या. तिथल्या पोहण्याच्या तलावांविषयी आणि रात्रीच्या कार्यक्रमांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला फक्त जेवणाविषयी, तेही एकट्या माणसाच्या जेवणाविषयी लिहायचे आहे, कारण निघण्याआधी बेळगावात मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी एकालाही हे सांगता आले नाही की तीन-चार हजारांच्या त्या गर्दीत एकटी बाई नेमकी कुठे बसून जेवते.

तिकीट काढून देणारा टिळकवाडीतला मुलगा माझा जुना विद्यार्थी. त्याने संगणकात तारखा घातल्या आणि मान वर करून विचारले, “बाई, तुम्ही एकट्याच?” मी हो म्हटल्यावर भाडे जवळजवळ दुप्पट झाले. त्यात त्याचा काही दोष नव्हता. जहाजाच्या खोल्या दोघांच्या हिशेबाने बांधलेल्या असतात, जाहिरातीतला दर माणशी दिसला तरी तो खोलीत दोघे राहणार असे धरून काढलेला असतो, आणि दुसरा पलंग रिकामा राहिला की त्याचे भाडे बहुतेक वेळा एकट्या प्रवाशाच्या माथी येते. बंदराचे कर आणि नोकरवर्गाची रोजची बक्षिसी मात्र एकाच माणसाची लागते, एवढाच काय तो दिलासा. एकट्यांसाठी मुद्दाम लहान खोल्या काढण्याचे प्रयोगही झाले आहेत. ‘नॉर्वेजियन एपिक’ हे जहाज २०१० मध्ये सेवेत आले तेच अशा १२८ खोल्या घेऊन, आणि त्या प्रवाशांना एकत्र बसायला वेगळी बैठकही त्यात होती. आमच्या जहाजावर तसे काही नव्हते. खोलीसाठी दोघांचे पैसे मोजलेली मी जेवणाच्या दालनात मात्र अर्धे टेबल वाया घालवणारी ठरणार होते.

मोठ्या दालनातल्या रात्रीच्या जेवणाचे दोन प्रकार असतात आणि एकट्या प्रवाशाचे सारे सुखदुःख त्यांपैकी कोणता निवडला यावर अवलंबून असते. पहिला प्रकार आपल्या पंगतीसारखा आहे: सहाच्या सुमाराला पहिली पंगत, आठच्या सुमाराला दुसरी, आणि रोज तेच टेबल, तेच शेजारी, तेच वाढपी. दुसऱ्या प्रकारात वेळ आपल्या मर्जीची; हवे तेव्हा जावे, दारात किती माणसे आहेत ते सांगावे आणि नेतील तिथे बसावे. माझ्या विद्यार्थ्याने मला न विचारता हा दुसरा प्रकार निवडून टाकला होता. बाईंना मोकळीक राहील, असे त्याला वाटले असावे. जोडप्यांना आणि कुटुंबांना ती मोकळीक खरीच आहे; एकट्याला मात्र रोज रात्री नव्या माणसापुढे उभे राहून आपण एकटे असल्याचे नव्याने सांगावे लागते.

पहिल्या रात्री पावणेआठला मी रांगेत उभी राहिले. दारातल्या मुलीने माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिले, एक बोट वर करून खात्री करून घेतली, आणि मला दालनाच्या पार टोकाला, स्वयंपाकघराच्या ढकलदाराला लागून असलेल्या दोघांच्या टेबलापाशी नेऊन बसवले. मग वाढपी आला आणि समोरच्या जागेवरची ताटली, दोन काटे, सुरी, चमचा, पेला आणि घडी घालून उभा केलेला रुमाल असे एकेक करून आपल्या डाव्या हातावर रचून घेऊन गेला. त्याच्या वागण्यात उणे काढण्यासारखे काही नव्हते. मला ऐसपैस जागा व्हावी म्हणूनच तो ते करत होता. घरी गेली सात वर्षे मी रोज एकच ताट घेते आहे, आणि तरीही ते दुसरे पान डोळ्यांदेखत उचलले जाताना मला पाहवले नाही. मी मेनूत डोके घातले. सूप, जेवण आणि गोड हे तिन्ही पदार्थ अठ्ठावीस मिनिटांत येऊन गेले, कारण बोलायला समोर कोणी नसले की माणूस भराभर जेवतो आणि वाढपीही तेवढ्याच भराभर पुढचे आणतो.

ते कोपऱ्यातले टेबल मला ओळखीचे वाटले. १९८४-८५ च्या सुमारास मी खानापूरच्या शाळेत नोकरीला होते, आणि संध्याकाळी बेळगावात उतरल्यावर एखाद्या उडपी हॉटेलात एकटीने डोसा खायला शिरले की गल्ल्यावरचा माणूस मला बाहेरच्या टेबलावर बसूच देत नसे. “अक्का, फॅमिली रूम,” म्हणून तो पडदा लावलेल्या, वारा न येणाऱ्या फळ्यांच्या खोपट्याकडे हात करी. त्या फॅमिलीत मी एकटीच असे. शेजारच्या खानावळीत पुरुषांना हा प्रश्न कधी पडला नाही. लांब बाकावर जागा दिसेल तिथे शिरायचे, एका बाजूला चंदगडहून दवाखान्याच्या कामाला आलेला शेतकरी, दुसऱ्या बाजूला कोर्टातला कारकून, आणि ताट समोर आले की तिघांनीही मान खाली घालून भाकरी मोडायची. एकटे कोण आणि सोबतीने कोण आले, हे त्या बाकावर कोणी मोजत नाही. माझी जहाजाकडून अपेक्षा तेवढ्याच बाकाची होती.

तो बाक होता, पण मागावा लागत होता. आसनव्यवस्थेतले बदल करून देण्यासाठी दालनाचा प्रमुख पहिल्या दिवशी दुपारीच एक टेबल मांडून बसतो, ही माहिती मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. छापील दैनिक पत्रकात ती अगदी बारीक अक्षरांत होती आणि माझा चष्मा पेटीत होता. तरीही मी गेले, आणि इतरांबरोबर बसायची माझी तयारी आहे, दुसरी पंगत चालेल, असे सांगितले. त्याने दोन मिनिटांत मला आठजणांच्या गोल टेबलावर घातले. हीच विनंती निघण्यापूर्वी मेलनेही करता येते, आणि एकट्याने जाणाऱ्याने ती तिकिटाच्या दिवशीच करावी. टेबल आपोआप मिळेल म्हणून थांबण्यात माझी एक रात्र गेली.

त्या टेबलावर मलेशियातल्या जोहोरची एक निवृत्त परिचारिका होती, कोईमतूरचे एक जोडपे, सुरतेच्या दोन मैत्रिणी, आणि पर्थचे एक वयस्कर गृहस्थ, जे माझ्यासारखेच एकटे आले होते. माझ्या शेजारची आठवी खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. तिच्यापुढचे काटे-चमचे रोज मांडलेले असत आणि ते उचलायचे कोणाला सुचले नाही. पहिला प्रश्न अर्थातच कुठल्या, हा होता. गोव्याच्या वरच्या अंगाला, मुंबई आणि बंगळूर यांच्या साधारण मध्ये, असे मी सांगितले. पर्थच्या गृहस्थांना नकाशात बेळगाव सापडेना, तेव्हा २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, हे सांगावे लागले. कर्नाटकात राहून मराठी कशी, असे कोईमतूरच्या बाईंनी विचारल्यावर गाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते आणि मग म्हैसूर राज्यात गेले, हेही सांगावे लागले. “म्हणजे तुम्ही घर बदललेत?” गृहस्थांनी विचारले. घर होते तिथेच आहे, असे मी म्हटले. हे प्रकरण आमच्याकडे इतक्या वर्षांत मिटलेले नाही, ते सूप आणि गोड यांच्या मधल्या वेळात मिटण्यासारखे नव्हते. म्हणून मी विषय कुंद्यावर, आमच्या बेळगावच्या गोडावर आणला आणि दूध आटवून ते तांबूस होईपर्यंत कसे घोटत नेतात ते हातांनी दाखवले. जेवणाला त्या रात्री पावणेदोन तास लागले.

पदार्थांविषयी थोडक्यात सांगते. भारतीय शाकाहारी जेवण रोज मिळाले, आणि सुरतेच्या मैत्रिणींना कांदा-लसणाशिवायचेही मिळाले, परंतु त्यासाठी आदल्या रात्रीच उद्याचा मेनू मागून सांगून ठेवावे लागते. आयत्या वेळी मागितले तर पनीरावर भागवावे लागते. आमटी उत्तम होती. रोटी ताटात येईपर्यंत चामड्यासारखी होई, आणि भाताला वास कसलाच नव्हता. बेळगाव बासमतीवर वाढलेल्या माणसाने तिथे भाताची अपेक्षा ठेवू नये. तिसऱ्या रात्री ठेवणीतल्या पोशाखाची रात्र होती, तेव्हा मी बेळगावातल्याच शहापूरच्या मागावरची साडी नेसले. आमचा दुय्यम वाढपी गोव्याचा होता. नावाच्या बिल्ल्यावर देशाचे नाव असते, त्यावरून मी त्याला बोलते केले. तेव्हापासून तो पाणी ओतताना वाकून हळूच “मावशी, जेवण जालें?” असे विचारी. आमच्या गल्लीत हाच प्रश्न “ऊटा आतेन्री?” असा येतो आणि त्याचे खरे उत्तर कोणाला अपेक्षित नसते. त्याला मात्र उत्तर हवे असे, कारण मी नाही म्हटले की तो आत जाऊन आणखी एक वाटी आमटी घेऊन येई.

खरी अडचण रात्रीची नाहीच. ती सकाळच्या बुफेची आहे, आणि ती एकट्याखेरीज कोणाच्या लक्षात येणार नाही. आठ ते साडेनऊ या वेळात वरच्या मजल्यावर माणूस मावत नाही. दोघे असले की एक टेबल राखतो आणि दुसरा आणायला जातो. मी इडली आणि पपई टेबलावर ठेवून चहा आणायला गेले आणि परत येते तो टेबल पुसून लख्ख झालेले, आणि त्यावर एक चौकोनी कुटुंब स्थिरावलेले. एक इडली मी खाल्ली होती. दुसरी कुठे गेली ते विचारायची सोय नव्हती. आपल्याकडे पान दुमडले की जेवण झाले हे साऱ्यांना कळते, आणि पान उघडे असेल तोवर त्याला कोणी हात लावत नाही. काट्या-चमच्यांच्याही अशा खुणा आहेत, ताटलीत ते समांतर ठेवले की उचलायला हरकत नाही असे समजतात, पण हाताने खाणाऱ्याने कोणती खूण ठेवायची? उपाय गोव्याच्या मुलानेच सांगितला: कापडी रुमाल टेबलावर न ठेवता खुर्चीच्या बैठकीवर ठेवायचा, म्हणजे माणूस परत येणार आहे असे कर्मचारी धरून चालतात. बुफेत कागदी रुमाल असल्याने मी त्याच्या जोडीला चष्म्याचे घर ताटलीला टेकवून ठेवू लागले. त्यानंतर इडली गेली नाही. दुसरा उपाय याहून सोपा आहे: सकाळीही खालच्या मोठ्या दालनात बसवून वाढतात, तिथे गर्दी कमी असते, आणि एकत्र बसायचे का, असे स्वतःहून विचारतात.

एका सकाळी मी खोलीतच न्याहारी मागवली. त्यासाठी रात्री दाराच्या कडीला एक पत्रक अडकवून ठेवायचे असते. त्यात वेळ, पदार्थ आणि माणसांची संख्या यांवर खुणा करायच्या असतात. मी संख्येपुढे स्वच्छ अक्षरात १ लिहिले होते. सकाळी तबकात दोन कप, दोन बश्या आणि दोन चमचे आले, कारण खोली दोघांची होती. खाली दालनात माझ्यासमोरचे पान उचलणाऱ्या जहाजाने इथे ते आपणहून मांडले, आणि मी समुद्राकडे तोंड करून दोन्ही कपांतून चहा प्यायले.

जादा पैसे घेणारी लहान उपाहारगृहेही जहाजावर आहेत. त्यांतले जपानी तव्याचे उपाहारगृह एकट्याला सोयीचे आहे, कारण तव्याभोवती सगळेच ओळीने बसतात आणि सगळ्यांचे लक्ष आचाऱ्याच्या हातांकडे असते. पण त्याच तव्यावर आधी कोळंबी परतलेली पाहिल्यावर मी नमस्कार करून निघाले. पेनांगला जहाज थांबले तेव्हा जॉर्जटाऊनच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवले. तिथे कोणी एकटी का, असे विचारले नाही. पान मांडले, भात वाढला, रस्सम ओतले. जेवून झाल्यावर मी पान दुमडले आणि मुलगा ते ताबडतोब घेऊन गेला.

शेवटच्या रात्री टेबलावर निरोपाचे बोलणे चालले असताना जोहोरच्या परिचारिकेने त्या रात्रीचा छापील मेनू उलटा करून माझ्यापुढे सरकवला आणि त्या तांबूस गोडाचे नाव लिहून मागितले. तिच्या शेजारणीचा मुलगा बंगळूरला शिकत होता, त्याला आणायला सांगणार होती. मी सवयीने देवनागरीत ‘कुंदा’ लिहिले. ते तिला वाचता येणार नाही हे लक्षात आल्यावर खाली इंग्रजीत लिहिले. मग तो मुलगा दुकानात कोणाला दाखवील याचा विचार करून, आमच्या खडेबाजारातल्या पाट्यांवर असते तसे, तिसऱ्या ओळीत कन्नडातही लिहिले.