साखर पेठेतला संध्याकाळचा इंग्रजी क्लास: सहा महिन्यांचा अनुभव

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आहे. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि कामाचे मेल इंग्रजीत. गेल्या वर्षी परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला, पहिल्या धुण्यातच टॉवेल ‘शेडिंग’ होताहेत. आमच्याकडे शेड म्हणजे रंगाची छटा. लॉटमध्ये रंगाचा फरक पडला असेल असं धरून मी शेडकार्ड आणि रंगाईचा रिपोर्ट पाठवून दिला. त्यांचं म्हणणं होतं, टॉवेलचे तंतू सुटताहेत, मशिनची जाळी भरतेय. चार दिवस त्यात गेले, शेवटी मालकांनी फोनवर माफी मागितली. त्याच आठवड्यात मी या क्लासला नाव घातलं.

आठवड्यातून तीन दिवस, सात ते साडेआठ. फी महिना सहाशे. सर निवृत्त शिक्षक आहेत, वय सत्तरच्या पुढे. व्याकरण ते शिकवतात तसं बाकीचेही शिकवतात, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही. पण रोज कुणीतरी आपल्या कामातला एक शब्द आणायचा आणि सगळ्यांनी मिळून तो सोडवायचा, ही त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

मी ‘शेड’ नेला. सरांनी आधी प्रत्येकाला अर्थ विचारला. कुणी पत्र्याची शेड म्हणालं, कुणी लोडशेडिंग. आमच्यात एक जॉबर काका आहेत, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे, तीस वर्षं मागावर काढलेली. ते उठले, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून त्यांनी समोर धरली, मग एक हात वर आणि एक खाली नेला आणि मधल्या फटीतून शेजारच्या मुलाला पेन सरकवायला लावलं. “ही शेड. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे अर्धे वर, अर्धे खाली, मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. नीट उघडली नाही तर धोटा अडकतो.” मी रोज मागांच्या मधून जाते, पण ते मला तेव्हा दिसलं.

सरांनी जाड शब्दकोश काढला. ‘shed’ हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग एक. पत्र्याची शेड बहुधा ‘shade’ म्हणजे सावली, छटा, याच शब्दाचं रूप. म्हणजे मराठीत आपण दोन्ही सारखंच लिहितो त्यात अगदीच चूक नाही! दुसरा ‘शेड’ क्रियापद, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वेगळं करणं. धागे वेगळे होतात ती मागाची शेड. पाणी दोन बाजूंना वेगळं होतं तो वॉटरशेड. मोहोळकडच्या माळावरचा पाऊस थोडा सीनेत जातो, थोडा भीमेत, त्यांच्या मधला उंचवटा म्हणजे मूळ वॉटरशेड; पाणलोट हा अर्थ पुढे अमेरिकेत रूढ झाला. आणि अंगापासून वेगळं होतं तेही शेडच. तिथे सरांनी मराठी लिहून दाखवलं: साप कात टाकतो, झाड पानं गाळतं, माणूस अश्रू ढाळतो, रक्त सांडतं. त्यांचं एक क्रियापद, आपली चार. माझ्या मोबाइलमधलं भाषांतराचं ॲप यातला एकच अर्थ दाखवत होतं.

आता मेलमध्ये ओळखीचा शब्द दिसला तरी मी आधी त्याच्या शेजारचे शब्द वाचते. टॉवेलशेजारी धुणं आणि जाळी असेल तर तो रंग नव्हे. गेल्या महिन्यात ‘पाइल’ आला. टॉवेलचे फासे, ढीग, पायाचे खांब, सगळं त्यातच. या वेळी उत्तर पहिल्या मेलला बरोबर गेलं.

तक्रारी दोन. दुसऱ्या पाळीच्या लोकांसाठी बॅच नाही, आणि खरी गरज त्यांनाच आहे. सकाळची एक बॅच सुरू करावी असं मी सरांना दोनदा सांगितलंय. दुसरं म्हणजे क्लास गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातलाही पत्रा तापलेला असतो, दोन पंखे पुरत नाहीत. पाण्याची मोठी बाटली न्या आणि जिन्याजवळची जागा धरा.