कंबरदुखी: पट्टा बांधावा, मापाने चालावं की भीतीच्याच कामाला हात घालावा?

उसण भरून तीन महिने उलटलेत, डॉक्टर ‘घाबरण्यासारखं काही नाही’ म्हणालेत, तरी वावरात वाकायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. अशांसाठी हा आढावा. लघवी तुंबणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातलं बळ जाणं, सोबत ताप किंवा पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, यातलं काही असेल तर मात्र आधी दवाखाना गाठा.

पट्टा आणि आराम ही वाट घरोघरी सुचवली जाते. चार दिवस बरंही वाटतं. पण जुनाट कंबरदुखीत पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) नेहमीच्या उपचारात नकोत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. शिवाय पट्टा बांधून फिरणाऱ्याची खात्रीच पटते, की आपली कंबर मोडकी आहे. एमआरआयमध्ये दिसणारी मणक्यांमधली फुगलेली गादी ही भीती आणखी वाढवते. २०१५ च्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन पाहिले, तर विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली!

मापाने चालायचं म्हणजे आज दहा मिनिटं चालणं, पुढच्या आठवड्यात बारा. दुखो वा न दुखो, ठरलं तेवढंच करायचं. बरं वाटलं म्हणून एका दिवसात अख्खी पात वेचायची नाही. फिजिओ ही आखणी सहज करून देतात. दम गेलेल्या, बसून राहून अंग आखडलेल्या माणसाला हे छान.

तिसरी वाट मला जास्त पटते, पण ती अवघड आहे. भीती वाटणाऱ्या कामांची उतरंड लावायची: चपला उचलणं, बादली, पाण्याचा हंडा, सगळ्यात वर केळीचा घड. मग खालून सुरुवात. बादली उचलण्याआधी मोठ्याने सांगायचं, ‘आता कंबरेत कळ येऊन मी खाली बसेन.’ मग उचलायची, आणि खरंच काय झालं ते बघायचं. बहुतेक वेळा थोडं दुखतं, पण माणूस उभाच असतो. इथे श्वास रोखून, भिंत धरून, मांडी आवळून वाकलात तर ते मोजायचं नाही. कंबर त्या कसरतीमुळेच वाचली, असं मन धरून बसतं.

माप आणि उतरंड या दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत कामकाज सुधारण्यात फार फरक दिसला नाही. ‘वाईटच होणार’ हा विचार मात्र तिसऱ्या वाटेने जास्त सुटला. म्हणून निवड अशी: थकवा आडवा येत असेल तर माप, विशिष्ट हालचालच नको वाटत असेल तर उतरंड. अशा पद्धतीची सवय असलेला फिजिओ मिळाला तर उत्तम. नसेल तर वजनाच्या पायऱ्या एकट्याने चढू नका, वाकण्या-वळण्यापर्यंतच थांबा. मध्येच कळ वाढली, तर एक पायरी खाली उतरायचं, पण दोन-चार दिवसांत पुन्हा वर यायचं.