सौना किट स्वतः बसवलं, चार आठवडे वापरून लिहितोय

फिनलंडमधे एस्पोला आम्ही जुनं घर घेतलं, त्यात सौनाच (हीटरवरच्या दगडांवर पाणी टाकून गरम वाफेत घाम काढत बसायची लाकडी खोली) नव्हता, आणि इकडे घरात सौना नसणं म्हणजे आपल्याकडे देवघर नसल्यासारखं. बाथरूमशेजारची अडगळीची खोली रिकामी केली आणि किट मागवलं. फळ्या, अस्पेन नावाच्या झाडाच्या लाकडाची बाकं, काचेचं दार, ६ किलोवॅटचा हीटर आणि दगड, सगळं एकत्र येतं.

आधी हीटरचा हिशोब नीट करा. खोली १.६ बाय १.८ आणि उंची २.१, म्हणजे साधारण ६ घनमीटर, पण काच उष्णता खाते म्हणून तिच्या दर चौरस मीटरला १.२ घनमीटर वाढवून धरायचे. आमचं दार सव्वा चौरस मीटरचं, म्हणजे साडेसात झाले. हा हीटर ८ पर्यंत चालतो, म्हणून जमलं.

लाकूड फार सुंदर आहे. अस्पेनमधे राळ नसते आणि ते फार तापत नाही, ८० डिग्रीला उघड्या पाठीने टेकून बसलो तरी चटका नाही. फळ्या एकात एक अगदी बरोबर बसतात, भिंती मी आणि बायकोने दोन दिवसात उरकल्या.

राग आहे तो सूचनापुस्तिकेवर. भिंतीला फॉइल (ओल अडवणारा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा) लावा एवढंच लिहिलंय, पण फॉइल आणि फळी यांच्यामधे पट्ट्या ठोकून हवेला फट ठेवायची असते हे कुठेच नाही, आणि ती नसेल तर ओल आत अडकून लाकूड कुजतं. मी एक अख्खी भिंत करून बसलो होतो, ती सगळी उतरवावी लागली. शिवाय एक फळी चिरलेली निघाली, बदली यायला नऊ दिवस लागले.

वायरिंगला मात्र हात लावू नका, इथे ते लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच करायचं असतं आणि तेच बरोबर आहे.

दगड मी धुवून, हीटरमधे मोठ्या कौतुकाने अगदी घट्ट रचले होते. शेजारचे आजोबा बघायला आले, काही न बोलता सगळे काढले आणि एकेक दगड हातात फिरवत मधे फटी ठेवून परत रचले. घट्ट भरले तर हवा फिरत नाही आणि हीटरची तापणारी कॉइल जास्त तापून जाते. मग पहिल्यांदा नुसताच तापवला, दार उघडं ठेवून, नव्या हीटरचा वास जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं, फुस्स असा हलका आवाज आला आणि दोन सेकंदांनी कानांच्या पाळ्यांना ऊब लागली. ह्या वाफेला इथे ल्योयल्यु म्हणतात, आजोबा डोळे मिटून बराच वेळ तसेच बसून होते.

किट घ्याच, पाचपैकी चार. फॉइलच्या टेपचे दोन रोल जास्तीचे मागवा, किटमधला छतालाच संपतो.