प्रयोगातल्या आकड्यांचे त्रिमितीय आलेख: ग्नूप्लॉट कसं वाटलं

मी भौतिकशास्त्राचे प्रयोग घेते. हेल्महोल्ट्झ कॉइलचा प्रयोग माझ्या विशेष आवडीचा. वीजप्रवाह सोडलेल्या तारेच्या दोन सारख्या कॉइल, त्यांच्यातलं अंतर त्रिज्येएवढं, आणि हॉल प्रोब (चुंबकीय क्षेत्र मोजणारी कांडी) सरकवत जागोजागी मोजलेलं चुंबकीय क्षेत्र. मधोमध क्षेत्र जवळपास एकसमान असतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्रिमितीय आलेखात ते सपाट पठार समोर आलं की मुलं आपणहून प्रश्न विचारायला लागतात. हा आलेख काढायला मी ग्नूप्लॉट वापरते.

१९८६ पासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर चालतं. उघडलं की आज्ञा टाइप करायची जागा समोर येते. बटणं शोधणाऱ्यांना ते रुक्ष वाटेल. मला त्यातच फायदा दिसतो: आज्ञांची फाइल जपून ठेवली की नवे आकडे आले तरी तोच आलेख, त्याच मापांत, पुन्हा निघतो.

त्रिमितीय आलेखाची मुख्य आज्ञा 'एसप्लॉट'. फाइलमध्ये तीन स्तंभ: दोन जागेचे, तिसरा क्षेत्राचा. प्रोबची एक रांग संपली की एक कोरी ओळ सोडायची. नवख्यांचं घोडं हमखास इथेच अडतं. कोरी ओळ नसेल तर जाळी विणली जात नाही, सगळे बिंदू एकाच लांब नागमोडी रेषेत जोडले जातात. आणि रंगीत पृष्ठभाग देणारं 'पीएम३डी' एकच रांग पुरत नाही असं सांगून थांबतं.

मोजमापं रांगेत नसून विखुरलेली असतील तर 'डीग्रिड३डी' आहे, आणि त्याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. ही सोय विखुरलेल्या बिंदूंवरून चौकटीची जाळी स्वतः तयार करते. जाळीच्या प्रत्येक बिंदूची किंमत म्हणजे मोजलेल्या सगळ्या किमतींची भारित सरासरी. जवळच्या बिंदूला जास्त भार, लांबच्याला कमी. काही न बदलता वापरलं तर हा भार अंतराबरोबर सावकाश घटतो, त्यामुळे शिखरं बुटकी होतात, दऱ्या भरून येतात आणि आलेख प्रत्यक्षापेक्षा गुळगुळीत दिसतो. भारातल्या अंतराचा घातांक ४ केला (सेट डीग्रिड३डी ४०,४०,४; पहिले दोन आकडे जाळीचे, शेवटचा घातांक) की खूप फरक पडतो. शिवाय जिथे प्रोब नेलाच नाही, त्या कोपऱ्यांतही तो पृष्ठभाग पसरतो. म्हणून मोजलेले मूळ बिंदू त्याच आलेखावर ठळक काढल्याशिवाय मी अहवाल स्वीकारत नाही. कुठे मोजलं आणि कुठे अंदाज बांधला, हे बघणाऱ्याला दिसलंच पाहिजे.

बाकी गोष्टी पटकन जमतात. माउसनं आलेख फिरवता येतो, आणि खिडकीच्या तळाशी दिसणारे कोन 'सेट व्ह्यू'मध्ये लिहिले की छापताना तोच कोन मिळतो. सुरुवातीला पृष्ठभाग तळापासून अधांतरी दिसतो. 'सेट एक्सवायप्लेन अ‍ॅट ०' दिलं की तळ शून्यावर येतो. रंगीत पृष्ठभागाचे मागचे तुकडे पुढे डोकावत असतील तर 'पीएम३डी'ला 'डेप्थऑर्डर' जोडावं. पीडीएफ सुबक निघते, अक्षांवर एककं मात्र आपणच लिहायची.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणाऱ्यांनी तिच्यातलं आलेख काढायचं साधन, मॅटप्लॉटलिब, जरूर वापरावं. गणित आणि आलेख एकाच ठिकाणी होतात. पण त्याच्या त्रिमितीय भागात एकमेकांना छेदणारे पृष्ठभाग काही कोनांतून चुकीच्या क्रमानं दिसतात. नुसती आकड्यांची फाइल हातात असेल तर मी ग्नूप्लॉटच सुचवेन.

तिरप्या त्रिमितीय चित्रावरून आकडा अचूक वाचता येत नाही, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो. त्यामुळे पठार दाखवायला मी पृष्ठभाग काढते, आणि एकसमान क्षेत्र नेमकं कुठपर्यंत आहे हे मोजायला 'सेट व्ह्यू मॅप' देऊन त्याच फाइलचा वरून दिसणारा नकाशा, सारखं चुंबकीय क्षेत्र असलेले बिंदू जोडणाऱ्या रेषांसकट.