घोड्याला मीठ की टॉनिकचा डबा?

ग्वाल्हेरला लश्कर भागात आमची घोडी आहे. मे महिन्यात पारा 45च्या आसपास गेला की रपेटीनंतर तिच्या पाठीवर खोगिराच्या कडेने मिठाची पांढरी रेघ उमटते. तिला काय हवंय ते त्या रेघेतच दिसतं. चाऱ्यात आणि दाण्यात सोडियम फार कमी असतं. म्हणून 500 किलोच्या घोड्याला काम नसतानाही दिवसाला 25-30 ग्रॅम मीठ लागतं. घाम गाळला तर दुप्पटसुद्धा. स्वयंपाकघरातलं साधं मीठ चालतं. फक्त शेजारी पाणी भरपूर हवं.

टॉनिकच्या डब्यात पुष्कळ गोष्टी एकत्र असतात. खुरांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व उपयोगी पडतं, पण रोज 15-20 मिलिग्रॅम, आणि तेही 6 ते 9 महिने नेमाने. कारण खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. मला खरी काळजी वाटते ती दोन डबे एकदम चालू करणाऱ्यांची. दोन्हींत सेलेनियम हे खनिज असलं आणि ते जास्त झालं, तर आयाळ गळते, खुरं तडकतात.

माझा कौल मिठाला. गव्हाचा कोंडा जास्त घालत असाल, तर त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. तिथेही डब्याआधी कॅल्शियमसाठी लसूणघास (ल्युसर्नचा हिरवा चारा) द्या.