पुनर्विकासासाठी बिल्डर निवडताना: भारांक, एएचपी, टॉप्सिस की इलेक्ट्र?

निविदा उघडल्या की पीएमसी (सोसायटीने नेमलेला प्रकल्प सल्लागार) सोसायटीच्या हातात तुलनात्मक तक्ता देतो: जादा कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डर सोसायटीला वा सभासदांना देतो तो निधी), भाडे, बँक गॅरंटी, मुदत, बिल्डरची आधीची कामे. त्यातून एक नाव कसे काढायचे, यावर सभा अडते. निवडीच्या चार पद्धती पाहू.

सर्वांत सोपी भारांक पद्धत. प्रत्येक निकषाला भार, प्रत्येक बिल्डरला गुण, गुणाकार आणि बेरीज. कोणताही सभासद मोबाइलवर हिशेब पडताळू शकतो, हे मला फार मोलाचे वाटते. जपायचे ते गुण देताना. दोन बिल्डर 30 आणि 32 टक्के जादा जागा देत असतील आणि कमीला 0, जास्तीला 100 गुण दिले, तर दोन टक्क्यांचा फरक त्या निकषाचा सगळा भार खाऊन टाकतो. त्यापेक्षा 20 टक्क्यांना 0 आणि 50 टक्क्यांना 100 अशी पट्टी ठरवा. मग फरक सात गुणांचाही उरत नाही. पट्टी आणि भार, दोन्ही पाकिटे फोडण्याआधी ठरवा. नंतर ठरवले तर संशयाला जागा राहते.

थॉमस साटी यांच्या एएचपीत (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस) निकष दोन-दोन घेऊन 1 ते 9 च्या पट्टीवर तोलतात. सहा निकषांच्या 15 जोड्या होतात. उत्तरे एकमेकांशी किती विसंगत आहेत हे दाखवणारे गुणोत्तर 0.10 च्या वर गेले तर उत्तरे पुन्हा तपासायची. 'भाडे महत्त्वाचे की गॅरंटी' यावर कमिटीचे जमत नसेल, तर भार ठरवायला ही उत्तम. क्रमवारी मात्र तिच्यावर सोपवू नका: एखादा बिल्डर माघारी फिरला, तर उरलेल्यांचा क्रम उलटू शकतो.

टॉप्सिस (1981) ही पद्धत कल्पित आदर्श प्रस्तावापासूनचे आणि कल्पित सर्वांत वाईट प्रस्तावापासूनचे अंतर मोजते; आदर्शाच्या जवळचा आणि वाईटापासून दूरचा तो वर. सभेत समजावणे कठीण. सोसायटीला मी सुचवणार नाही.

या तिन्हींत मोठा कॉर्पस रखडलेल्या कामांचा डाग धुऊन काढू शकतो. बर्नार्ड रॉय यांच्या इलेक्ट्रमध्ये तसे होत नाही: एका निकषावर प्रस्ताव मर्यादेपलीकडे मागे पडला, की बाकीची सरशी कामाला येत नाही. पूर्ण पद्धत किचकट आहे, पण हा नकाराधिकार जरूर उचला. भाड्याच्या घरात दिवस काढणाऱ्या ज्येष्ठ सभासदाला रखडलेल्या इमारतीची भरपाई पाच-पंचवीस चौरस फुटांनी होत नाही. किमान बँक गॅरंटी आणि वेळेत पुऱ्या झालेल्या इमारती या अटी निविदेतच लिहा. बिल्डरच्या प्रकल्पांची मूळ आणि सुधारित मुदत महारेराच्या संकेतस्थळावर पाहा, आणि अटीत न बसणाऱ्याला गुण देऊच नका.